प्रामाणिक गोंगाट

माणसाच्या मेंदूत या क्षणी नेमके काय चालले आहे, हे जगातल्या कोणत्याही यंत्राला थेट वाचता येत नाही. संगणकात रचलेल्या मेंदूच्या बाबतीत मात्र ते आपल्याला आधीच ठाऊक असते, कारण तिथे जे काही चालले आहे ते आपणच लिहिलेले असते. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे कार्य टिपणारा एमआरआय, या तंत्राच्या संकेतांचे सिम्युलेशन, म्हणजे संगणकातले अनुकरण, का करायचे याचे सारे कारण एवढ्यात येते, आणि त्यातला सारा धोकाही एवढ्यातच येतो.

मी बडोद्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सिग्नल प्रोसेसिंग शिकवते. आमच्याकडे एमआरआय यंत्र नाही आणि ते असण्याचे कारणही नाही. शहरातली यंत्रे रुग्णांसाठी आहेत आणि त्यांच्यावरचा प्रत्येक तास कोणाच्या तरी दुखण्याचा आहे. परंतु जगभरच्या प्रयोगशाळांनी मोफत खुल्या केलेल्या नोंदी, मोफत मिळणारे प्रोग्राम आणि एक बरा लॅपटॉप एवढ्या सामग्रीवर आमचे विद्यार्थी या विषयात खरोखरीचे काम करू शकतात, हे लक्षात आल्यापासून मी दर वर्षी एकदोघांना तरी या वाटेला लावते. हा लेख मी त्यांच्यासाठी, आणि हे काम म्हणजे बसून खोटे आकडे बनवणे आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी लिहीत आहे.

आधी तो संकेत कसा तयार होतो ते सांगितले पाहिजे. एफएमआरआय चेतापेशींची विद्युत हालचाल मोजत नाही. ते रक्त मोजते. मेंदूच्या ज्या भागाला काम पडते त्या भागाकडे रक्त अधिक वाहते, ही कल्पना केंब्रिजच्या चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९० साली मांडली. सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन सुरू केले तेही त्याच वर्षी. त्या वास्तूत विद्युत अभियांत्रिकी शिकताना मला हे साल पाठ झाले होते, त्यामुळे रॉय आणि शेरिंग्टन यांचा निबंध प्रथम समोर आला तेव्हा तो आपल्या घरच्याच काळातला असल्यासारखा जवळचा वाटला. पुढे १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियेल यांनी दाखवून दिले की ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्राकडे ओढले जाते आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन तसे ओढले जात नाही. या दोन धाग्यांची गाठ बांधायला अर्धे शतक जावे लागले. १९९० मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूवर दाखवले की रक्तातल्या ऑक्सिजनचा हा फरक एमआरआयच्या चित्रात दिसतो, आणि १९९२ मध्ये अमेरिकेतल्या वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तो माणसाच्या मेंदूत टिपला.

यातली एक गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटी वाटते. मेंदूचा भाग कामाला लागला की तिथला ऑक्सिजन कमी व्हायला हवा, पण चित्रात तो वाढलेला दिसतो. पीटर फॉक्स आणि मार्कस रायकल यांनी १९८६ मध्ये मोजले, तेव्हा काम करणाऱ्या भागातला रक्तप्रवाह २९ टक्क्यांनी वाढलेला होता आणि ऑक्सिजनचा वापर अवघा ५ टक्क्यांनी. गरजेपेक्षा कितीतरी अधिक ताजे रक्त तिथे येऊन पोचते, ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन वाहून जाते, आणि त्याच्यामुळे विस्कटलेले चुंबकीय क्षेत्र थोडे सारखे होऊन संकेत उजळतो. हे सारे सावकाश घडते. चेतापेशी हजारांश सेकंदांत बोलून मोकळ्या होतात. रक्ताचा प्रतिसाद सेकंद-दोन सेकंदांनी उठतो, पाच-सहा सेकंदांनी शिखरावर जातो, मग मूळ पातळीच्याही खाली उतरतो आणि पूर्ववत व्हायला वीस-तीस सेकंद घेतो. ही सगळी चढउतार मूळ संकेताच्या एक-दोन टक्क्यांएवढी असते, आणि ती ज्या बारीक घनात, म्हणजे व्हॉक्सेलमध्ये मोजली जाते, त्याची बाजू तीन मिलिमीटर धरली तरी त्यात लाखो चेतापेशी असतात.

ही वक्ररेषा संगणकात उभी करणे अवघड नाही. १९९८ मध्ये रिचर्ड बक्सटन, एरिक वाँग आणि लॉरेन्स फ्रँक यांनी दिलेले बलून मॉडेल बारीक शिरांना फुगणाऱ्या-आकसणाऱ्या पिशव्या मानते आणि आत येणारे रक्त, बाहेर जाणारे रक्त आणि उरलेला ऑक्सिजन यांचा हिशेब काही समीकरणांत मांडते. त्याहून सोपे हवे असेल तर दोन गॅमा वक्रांची वजाबाकी करून ठरीव आकार घेता येतो. प्रयोगात पंधरा सेकंद बोटे हलवायची आणि पंधरा सेकंद थांबायचे असे असेल, तर त्या वेळापत्रकाचे या आकाराशी कॉन्व्होल्यूशन करायचे, म्हणजे हालचालीच्या प्रत्येक क्षणाला हा आकार ठेवून सगळ्यांची बेरीज करायची, आणि संकेत हातात येतो. हुशार विद्यार्थी ते पहिल्याच बैठकीत करून दाखवतो आणि पडद्यावर उमटलेल्या गुळगुळीत लाटा पाहून त्याला वाटते की मेंदू तयार झाला.

माझ्या मते काम तिथून पुढे सुरू होते. संकेताचे अनुकरण करणे ही या विद्येतली सोपी बाजू आहे. गोंगाटाचे, म्हणजे संकेतात मिसळणाऱ्या नको असलेल्या चढउतारांचे, अनुकरण करणे ही अवघड बाजू आहे, आणि सिम्युलेशन प्रामाणिक आहे की नाही हे दुसऱ्या बाजूवरून ठरते.

खऱ्या नोंदीतला गोंगाट म्हणजे रेडिओवरची खरखर नव्हे. त्यात यंत्राच्या विद्युत उष्णतेची खरखर असतेच, पण तिच्यासोबत यंत्र तापत गेल्यामुळे सावकाश सरकणारी पातळी असते, श्वासाबरोबर हलणारी छाती आणि तिच्यामुळे किंचित बदलणारे चुंबकीय क्षेत्र असते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थरथरणाऱ्या धमन्या असतात. हृदयाचे उदाहरण मी वर्गात आवर्जून फळ्यावर सोडवते. समजा, यंत्र दर दोन सेकंदांनी संपूर्ण मेंदूचे एक चित्र घेते आणि माणसाचे हृदय मिनिटाला ६२ ठोके देते. इतक्या विरळ नोंदींत ते ठोके जसेच्या तसे दिसू शकत नाहीत. नमुने घेण्याच्या गणितामुळे ते तीस सेकंदांत एकदा येणाऱ्या संथ लाटेचे रूप घेतात. आता वरच्या प्रयोगाकडे पाहा: पंधरा सेकंद बोटे हलवणे आणि पंधरा सेकंद थांबणे, म्हणजे नेमके तीस सेकंदांचे आवर्तन. हृदयाचा ठोका बोटांच्या हालचालीचा वेष घेऊन समोर उभा राहतो. तेच हृदय मिनिटाला ७२ ठोके देत असेल तर त्याची लाट पाच सेकंदांची होते आणि ती ओळखून वेगळी काढता येते. खरे हृदय इतके नियमित चालत नाही, त्यामुळे हा गोंधळ प्रत्यक्षात पसरट होतो, पण नाहीसा होत नाही. ज्याने सिम्युलेशनमध्ये हृदय घातलेच नाही, त्याला आपली पद्धत या वेषांतराला फसते की नाही हे कधीच कळणार नाही.

डोके हलण्याचेही असेच आहे. तीन मिलिमीटरच्या घनाच्या कडेवर डोके एक मिलिमीटर सरकले, तरी त्यातून होणारा बदल खऱ्या संकेताला सहज झाकून टाकतो. २०१२ मध्ये जोनाथन पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अगदी बारीक हालचालींमुळेही मेंदूचे जवळचे भाग परस्परांशी अधिक जोडलेले, म्हणजे एकत्र वरखाली होणारे, आणि दूरचे भाग कमी जोडलेले दिसू लागतात. लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त चुळबुळ करतात, हे कोणत्याही घरात माहीत असते. त्यामुळे वाढत्या वयाबरोबर मेंदूची दूरची जोडणी बळकट होते या निष्कर्षाचा काही भाग चुळबुळीच्या खात्यावर टाकावा लागला.

मागच्या सत्रात माझ्याकडे काम करणारी एक विद्यार्थिनी मराठी आहे, घर रावपुऱ्याच्या आतल्या गल्लीत. वर्गात आमचे बोलणे इंग्रजीत आणि गुजरातीत होते, वर्ग सुटल्यावर मराठीत. तिने एकदा विचारले, "मॅडम, गोंगाट मीच घालायचा आणि मीच काढायचा, मग पद्धत पास झाली यात विशेष काय?" प्रश्न अगदी वर्मावर होता. ज्या गृहीतांवर संकेत रचला, त्याच गृहीतांवर उभी असलेली पद्धत त्याला लावायची आणि ती यशस्वी झाली म्हणून समाधान मानायचे, हे विद्यार्थ्याने स्वतःच प्रश्नपत्रिका काढून स्वतःच उत्तरे लिहिण्यासारखे आहे. मी तिला सांगितले की गोंगाट आपल्या सोयीचा नसावा, आपल्या पद्धतीच्या गैरसोयीचा असावा; आणि शक्य असेल तिथे त्याची लांबी-रुंदी खऱ्या माणसांच्या नोंदींतून मोजून घ्यावी, मनाने ठरवू नये.

सोयीचा गोंगाट किती महाग पडतो हे या क्षेत्राने २०१६ मध्ये पाहिले. स्वीडनमधले आंडर्स एकलुंड आणि हान्स क्नुटसन आणि इंग्लंडमधले थॉमस निकोल्स यांनी ४९९ निरोगी व्यक्तींच्या नोंदी घेतल्या. त्या व्यक्ती यंत्रात नुसत्या स्वस्थ पडून होत्या. त्यांना कोणतेही काम दिलेले नव्हते. संशोधकांनी काल्पनिक प्रयोगांची वेळापत्रके त्या नोंदींवर लादली, यादृच्छिक गट पाडले आणि नेहमीच्या वापरातल्या प्रोग्रामांनी सुमारे ३० लाख गट-विश्लेषणे केली. शोधण्यासारखे काही नसल्यामुळे खोटा होकार, म्हणजे नसलेला प्रतिसाद सापडल्याचा निकाल, फार तर ५ टक्के वेळा यायला हवा होता. काही परिस्थितींत तो ७० टक्क्यांपर्यंत आला. मुख्य कारण असे निघाले की मेंदूतल्या एका जागेचा गोंगाट शेजारच्या जागेच्या गोंगाटाशी किती मिळता असतो, याबद्दल त्या पद्धतींनी एक सुबक, झपाट्याने उतरणारी घंटाकृती वक्ररेषा गृहीत धरली होती; खऱ्या मेंदूत ती रेषा लांब शेपटासारखी दूरवर पसरते. त्याच घंटाकृती गोंगाटाचे सिम्युलेशन करून कोणी या पद्धती तपासल्या असत्या, तर त्या निर्दोष ठरल्या असत्या. निकष कडक ठेवले की चुका पुष्कळ कमी होत होत्या, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सांगणे न्यायाचे आहे. मला त्या निबंधातली सर्वांत मोलाची वाटते ती कल्पना: काहीही नसलेल्या खऱ्या नोंदींवर आपली पद्धत चालवून पाहण्याची.

अर्थात 'काहीही नाही' हेही तितके सोपे नाही. भारत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये दाखवले की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूंचे हालचाल-केंद्र एका संथ लयीत वरखाली होत राहतात. यंत्रात पडलेला बडोद्याचा तरुण नवरात्रात गरब्याची पावले मनात घोळवत असेल, तर आपण त्याला विश्रांती म्हणायचे का? विश्रांतीचे सिम्युलेशन हे मला या विषयातले सर्वांत कठीण प्रकरण वाटते, कारण तिथे कोणतेही वेळापत्रक हाताशी नसते.

आणि तरीही, जिथे खऱ्या नोंदी मुळीच बोलू शकत नाहीत, तिथे सिम्युलेशन बोलते. मेंदूचा कोणता भाग कोणत्या भागाला चालना देतो, हे ठरवण्यासाठी कितीतरी पद्धती प्रचारात आहेत आणि एकाच नोंदीवर त्या वेगवेगळी उत्तरे देतात. खरे उत्तर कोणालाच माहीत नसल्यामुळे वाद मिटत नाही. ऑक्सफर्डच्या स्टीफन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये २८ प्रकारची सिम्युलेशन्स रचली. त्यांत कोणता भाग कोणाला जोडलेला आहे हे आधीच ठरवलेले होते, आणि चेतापेशींच्या संकेतावर बलून मॉडेलचा संस्कार केलेला होता. मग त्यांनी सगळ्या पद्धती त्यांवर लावून पाहिल्या. कोण आधी हलले आणि कोण नंतर, या क्रमावरून कारण शोधणाऱ्या पद्धती वाईट रीतीने कोसळल्या. ज्या भागातल्या रक्तवाहिन्या उशिरा प्रतिसाद देतात तो भाग मागाहून हलल्यासारखा दिसतो, मग त्याच्या चेतापेशी आधी बोललेल्या का असेनात. दोन भाग जोडलेले आहेत की नाही, एवढाच साधा प्रश्न विचारणाऱ्या काही पद्धतींनी मात्र चांगले काम केले. आणि मेंदूचे भाग पाडतानाच सीमारेषा चुकल्या, तर सगळ्याच पद्धतींचे मोठे नुकसान झाले. हा निवाडा खऱ्या माणसांवर कितीही प्रयोग केले असते तरी मिळाला नसता.

हे सारे मला केवळ गणित म्हणून महत्त्वाचे वाटत नाही, आणि त्याचे कारण घरातले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. दांडिया बाजारातल्या तिच्या घरी दिवसभर माणसांची ये-जा असे आणि ती सगळ्यांकडे पाहत असे, पण उत्तर देऊ शकत नसे. एमआरआयची चित्रे आली तेव्हा माझ्या आतेभावाने डॉक्टरांना विचारले, "आईला आमचं बोलणं कळतंय का, ते यात दिसेल का?" डॉक्टरांनी समजावून सांगितले की या चित्रात इजा कुठे झाली ते दिसते, समज किती उरली आहे ते दिसत नाही. त्यांचे उत्तर बरोबर होते. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, कारण तोच प्रश्न एफएमआरआयला विचारणारे लोक आहेत हे मला ठाऊक होते.

एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एका तेवीस वर्षांच्या स्त्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपघातानंतर तिची बाह्य जाणीव पूर्णपणे हरपलेली दिसत होती. तिला टेनिस खेळण्याची आणि आपल्या घरातल्या खोल्यांमधून फिरण्याची कल्पना करायला सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद उमटला. २०१० मध्ये याच धर्तीवर ५४ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी पाच जण सांगितल्याप्रमाणे आपल्या मेंदूतली हालचाल बदलू शकले. आता वरचे गणित इथे आणून ठेवा. ५४ जणांना तपासताना खोट्या होकाराचे प्रमाण ५ टक्के असेल, तर कोणाचीही जाणीव शिल्लक नसली तरी दोन-तीन कुटुंबांना होकार ऐकायला मिळेल. हा हिशेब त्या अभ्यासावरची टीका नव्हे. अशा प्रत्येक चाचणीसाठी तो करावाच लागतो, आणि तो नीट करायचा तर गोंगाट खरा असावा लागतो. खाटेशेजारी बसलेल्या माणसाला तुमचा संकेत किती सुंदर आहे याच्याशी कर्तव्य नसते. तुमचा होकार किती वेळा खोटा असतो, एवढेच त्याला हवे असते.

आणि तुमचा नकार किती वेळा खोटा असतो, हेही. इथे आत्याचे दुखणे पुन्हा विषयाच्या मध्यभागी येते. पक्षाघात हा रक्तवाहिन्यांचा आजार आहे. चेतापेशी शाबूत असल्या तरी त्यांच्या हाकेला रक्त वेळेवर आणि पुरेसे धावत नसेल, तर एफएमआरआय नकार देईल, आणि तो नकार रक्ताचा असेल, मनाचा नसेल. हे केवळ पक्षाघातापुरते नाही. वय वाढते तसा रक्ताचा प्रतिसाद बदलतो. मानेतली धमनी अरुंद झाली तर तो लांबतो. कॅफीनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो, म्हणजे तपासणीपूर्वी घेतलेला चहाचा कपसुद्धा या हिशेबात येतो. माझ्या विद्यार्थिनीने म्हणून दोन काल्पनिक गट रचले, एक तरुणांचा आणि एक वृद्धांचा. दोन्ही गटांत चेतापेशींचे काम हुबेहूब सारखे ठेवले. वृद्धांच्या रक्ताचा प्रतिसाद तेवढा थोडा बुटका आणि थोडा उशिराचा केला. ठरीव आकाराच्या नेहमीच्या विश्लेषणाने अहवाल दिला की वृद्धांचा मेंदू कमी काम करतो. ती बराच वेळ त्या रंगीत चित्राकडे पाहत राहिली, कारण त्यात एकही वृद्ध कमी काम करत नव्हता हे तिने स्वतः लिहिलेले होते.

अशा एका चित्राने मला जे पटवून दिले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिले नव्हते. वृद्धांच्या, आजाऱ्यांच्या मेंदूविषयी विधान करणाऱ्या प्रत्येक अभ्यासाने आधी असा रिकामा सामना खेळून दाखवावा, असे माझे स्पष्ट मत आहे: मन सारखे, रक्त वेगळे, आणि मग पद्धत काय म्हणते ते पाहावे.

यावर उपाय शोधण्याची एक वाट ठाऊक असलेली आहे. माणसाने काही सेकंद श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूभर रक्तवाहिन्या रुंदावतात. त्यातून त्या माणसाच्या रक्ताचा प्रतिसाद किती जोमदार आणि किती उशिराचा आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज मुख्य प्रयोगाच्या हिशेबातून वळता करता येतो. येत्या सत्रात आम्ही काल्पनिक प्रयोगाच्या सुरुवातीला हा श्वास रोखण्याचा टप्पा घालणार आहोत आणि दोन गटांमधला तो खोटा फरक त्याने किती पुसला जातो ते तपासणार आहोत. विद्यार्थिनीने पहिला आराखडा आणून दाखवला, त्यात सगळे वृद्ध पंधरा सेकंद श्वास रोखत होते. मी तिला तो परत दिला आहे. काही जण आठव्या सेकंदाला श्वास सोडतील, काहींना सूचना उशिरा ऐकू येईल, काही जण श्वास रोखताना डोके हलवतील, आणि काहींना तर मुळीच जमणार नाही. तेही सगळे त्या गोंगाटात आधी आले पाहिजे.